दोनदा चार्जिंग बोर्ड बदलला, तरी फोन मंदच भरतो: दोष कुठे शोधायचा

मावशीचा फोन माझ्या हातात आला तोवर त्याचा चार्जिंगचा बोर्ड दोनदा बदलून झाला होता. दहा हजारांच्या आतला फोन, प्लास्टिकची पाठ, ५००० एमएएचची बॅटरी, खाली जुनी मायक्रो यूएसबीची पिन. जूनमध्ये तालुक्याच्या गावी दुकानात पहिला बोर्ड बदलला, तीन आठवडे चांगले गेले. जुलैअखेर दुसरा बदलला, तो दोनच आठवडे टिकला. तक्रार दर वेळी तीच. "रात्री दहाला बारा टक्के होते, पहाटे पाचला उठून बघते तर एकसष्ट. रात्रभर लावून ठेवते गं, तरी भरत नाही."

मावशी आगळ आणि आमसुलं विकते, बचत गटाचा हिशेब ठेवते. ऑर्डरी फोनवर, पैसे फोनवर. दुपारी तीनला फोन मान टाकतो तेव्हा तिचं कामच अडतं. हाच त्रास असलेले फोन मी ओळखीपाळखीत याआधीही पाहिले आहेत, आणि बहुतेक वेळा माणसं तिसऱ्यांदा पिन बदलायला जातात. जाण्याआधी हे वाचा.

एक साधा हिशेब करून बघा. मायक्रो यूएसबीची पिन दहा हजार वेळा केबल लावून काढण्यासाठी आखलेली असते. दिवसातून दोनदा धरलं तरी तेरा वर्षांहून जास्त झाली. शिवाय या पिनेच्या रचनेत झिजणारा स्प्रिंगचा भाग मुद्दाम केबलच्या तोंडाकडे ठेवला आहे, म्हणजे आधी केबल झिजावी आणि फोन वाचावा. स्वस्त सुटा भाग इतका टिकणार नाही हे मान्य. पण अडीच महिन्यांत दोन नवे बोर्ड जात असतील तर त्यांना घालवणारं काहीतरी वेगळं आहे. ते सापडेपर्यंत तिसरा बोर्डही तसाच जाईल.

आधी बाहेरच्या गोष्टी उरकून घ्या. दुसरी केबल, दुसरा चार्जर, दुसरा सॉकेट. फोन बंद करून पिनेच्या तोंडात उजेड पाडून बघा. खिशातल्या कापडाचा भुसा केबलच्या दाबाने आत घट्ट बसतो आणि केबल पूर्ण आत जात नाही. तो लाकडी टूथपिकने हलक्या हाताने काढायचा, सुई किंवा स्टेपलरची पिन आत घालायची नाही. मावशीच्या फोनमध्ये यातलं काही नव्हतं. पिन नवीकोरी, केबल बसताना टक् असा आवाजही येत होता.

इथून पुढे अंदाजाने काम होत नाही, मोजावं लागतं. चार्जर आणि केबल यांच्यामध्ये लावायचा यूएसबी मीटर मिळतो. मुंबईत लॅमिंग्टन रोडवर किंवा पुण्यात तपकीर गल्लीत विचारलंत तर लगेच हातात ठेवतील. तो व्होल्ट आणि अँपिअर दाखवतो. मोजताना बॅटरी साधारण २० ते ६० टक्क्यांच्या मध्ये हवी आणि स्क्रीन बंद हवी. हे सांगायचं कारण असं की बॅटरी भरत आली की फोन स्वतःच करंट कमी करतो. नव्वद टक्क्यांवर मोजून "फोन करंट घेत नाही" म्हणणारे मला भेटले आहेत. तो दोष नसतो, लिथियमची बॅटरी अशीच भरायची असते.

दहा वॅटच्या चार्जरवर असा फोन निरोगी असेल तर पाच व्होल्टला दीड ते दोन अँपिअरच्या दरम्यान आकडा दिसतो. मावशीच्या फोनवर दिसला ०.४५. केबल हलवून बघितली, उलटसुलट दाबून बघितली, आकडा जागचा हलला नाही.

हा आकडा फार बोलका आहे. पिन सैल असेल किंवा गंजलेली असेल तर आकडा नाचतो, कधी १.२, कधी ०.३, मध्येच शून्य. केबल पातळ असेल तर करंटबरोबर व्होल्टेजही पडतं, म्हणून तशी शंका आली तर मीटर केबलच्या फोनकडच्या टोकाला लावून बघावा. पण अर्ध्या अँपिअरच्या जरा खाली आकडा ठाम उभा असेल, तर फोन स्वतःच ठरवून तेवढंच घेतो आहे. तो असं का ठरवतो ते समजलं की अर्धं काम झालं.

यूएसबीच्या साध्या केबलमध्ये चार तारा असतात. दोन विजेच्या, दोन डेटाच्या. डेटाच्या तारांना डी प्लस आणि डी मायनस म्हणतात. भिंतीवरच्या साध्या चार्जरला डेटा पाठवायचा नसतो, म्हणून त्याच्या आत या दोन तारा एकमेकींना जोडून टाकलेल्या असतात. फोन केबल लागताच आधी या तारा चाचपतो. जोडलेल्या सापडल्या तर समोर चार्जर आहे, भरपूर करंट ओढायला हरकत नाही असं मानतो. जोडलेल्या सापडल्या नाहीत तर समोर कॉम्प्युटर असेल असं धरून चालतो, आणि कॉम्प्युटरच्या यूएसबी २.० पोर्टमधून ५०० मिलिअँपिअरच घ्यायची मुभा असते. म्हणजे डेटाची एक तार जरी कुठे तुटली, तरी विजेच्या तारा धडधाकट असूनही फोन जपून जपून चरतो. ०.४५ अँपिअर म्हणजे सव्वादोन वॅट. ५००० एमएएचच्या बॅटरीत जवळजवळ १९ वॅट-तास मावतात. कागदावर साडेआठ तास होतात, आणि वाया जाणारी ऊर्जा व फोनचा स्वतःचा खर्च धरला तर दहाच्या वर. मावशीची तक्रार शब्दशः खरी होती.

खात्री करायला दुसरी सोपी परीक्षा आहे. डेटा जाणाऱ्या केबलने फोन कॉम्प्युटरला जोडा. फोन चार्जिंग दाखवतो पण कॉम्प्युटरला फोन दिसतच नाही, असं झालं तर डेटाची तार तुटलेली असण्याची शक्यता मोठी. केबल फक्त चार्जिंगची नाही ना, एवढं मात्र दुसऱ्या फोनवर तपासून घ्या. मावशीचा फोन कॉम्प्युटरला दिसला नाही.

मग मी तिला एक प्रश्न विचारला, जो दुकानात कुणी विचारला नव्हता. फोनवर बोलताना समोरच्याला तुझा आवाज नीट जातो का? ती म्हणाली, "हल्ली सगळे म्हणतात, तुझा आवाज मध्येच जातो. मला वाटलं आमच्याकडचं नेटवर्कच तसं." अशा फोनमध्ये बोलायचा माइक बहुधा चार्जिंग पिनेच्याच छोट्या बोर्डावर बसवलेला असतो. दुकानदार त्याला सीसी बोर्ड म्हणतात. तो बोर्ड आणि वरचा मदरबोर्ड यांना एक चपटी पट्टी जोडते, तिला मेन स्ट्रिप म्हणायची पद्धत आहे. चार्जिंगची वीज, डेटाच्या तारा, माइक, बऱ्याच फोनमध्ये स्पीकर आणि व्हायब्रेटरसुद्धा, सगळं या एका पट्टीतून वर जातं. तेव्हा मंद चार्जिंग आणि तुटणारा आवाज ही दोन दुखणी एकाच वेळी सुरू झाली असतील, तर दोघांची वाट जिथे एक होते तिथे बघायचं. पिन त्या वाटेच्या एका टोकाला आहे. दोष मधल्या पट्टीत किंवा तिच्या दोन्ही टोकांच्या बटणासारख्या कनेक्टरमध्ये असण्याची शक्यता जास्त.

आता उघडायचं. त्याआधी पाठ फुगलेली नाही ना हे सपाट टेबलावर ठेवून बघा. फोन भोवऱ्यासारखा फिरत असेल किंवा पाठीच्या कडेला फट दिसत असेल तर बॅटरी फुगली आहे. मग दाबू नका, टोचू नका, चार्जिंगलाही लावू नका, थेट माहीतगाराकडे न्या. फुगलेली नसेल तर चार्ज पंचवीस टक्क्यांच्या खाली येऊ द्या आणि फोन बंद करा.

सिमचा ट्रे आधी काढा. तो आत राहिला आणि पाठ ओढली तर ट्रे वाकतो, कधी सिमचा सॉकेटच उखडतो. नंतर शिवण निवडा. अशा फोनच्या कडेला दोन शिवणी दिसतात. एक काच आणि फ्रेमच्या मध्ये, दुसरी फ्रेम आणि पाठीच्या मध्ये. आपल्याला दुसरी हवी. पहिल्या शिवणीत पत्ती घातली की डिस्प्ले गेलाच, आणि स्वस्त फोनचा नवा फोल्डर (दुकानदार डिस्प्लेला असं म्हणतात) टाकायचा म्हणजे फोनच्या किमतीचा मोठा हिस्सा जातो. मी सगळ्यात जास्त फोन या एका चुकीने मेलेले पाहिले आहेत, म्हणून दोनदा सांगते: बोटाने चाचपून, भिंगाने बघून, मगच पत्ती घाला. पत्ती प्लास्टिकची, गिटार वाजवायला वापरतात तसली. ती आत जेमतेम दोन-तीन मिलिमीटर घालून कडेकडेने सरकवायची. क्लिपा एकेक सुटतात, टकटक आवाज येतो. घाबरू नका. पाठीवर बोटाच्या ठशाचा सेन्सर असेल तर त्याची पट्टी पाठीला जोडलेली असते, म्हणून पाठ ओढून काढायची नाही, पुस्तकासारखी उघडायची.

आत बारीक फुलीचे स्क्रू असतात, त्यांना पीएच डबल झिरोचा स्क्रूड्रायव्हर लागतो. एका कोऱ्या कागदावर फोनची आकृती काढा आणि प्रत्येक स्क्रू जिथून निघाला तिथेच कागदावर ठेवा, वर चिकटपट्टी लावा. सगळे सारखे दिसतात, पण सारखे नसतात. आखूड स्क्रूच्या भोकात लांब स्क्रू पिळला तर तो बोर्डाचे आतले थर कापू शकतो आणि तिथली दुरुस्ती फार अवघड असते. वरचं प्लास्टिकचं झाकण निघालं की पहिलं काम बॅटरीचा कनेक्टर सोडवणं. प्लास्टिकच्या काडीने, सरळ वर उचलून. तो लागलेला असताना दुसऱ्या कशालाही धातूचं हत्यार लावायचं नाही.

मावशीच्या फोनचं खालचं झाकण, ज्यात स्पीकर असतो, ते काढायला गेले आणि तिथेच थांबले. स्क्रूची सात भोकं, स्क्रू चारच. उरलेल्या तिन्ही भोकांत आटे शाबूत होते. म्हणजे ते स्क्रू कधीतरी काढले गेले आणि परत बसले नाहीत. त्यातली दोन भोकं नेमकी चार्जिंग पिनेच्या दोन बाजूंची. झाकण उचललं तर मेन स्ट्रिपच्या कनेक्टरवर जिथे स्पंजाचा छोटा काळा तुकडा असायला हवा, तिथे फक्त गोंदाची चौकोनी खूण राहिली होती.

पहिल्या दुरुस्तीपासून पुढचं सगळं इथे जुळलं. सीसी बोर्ड फोनला स्वतःच्या जोरावर धरून बसलेला नसतो. त्याच्यावरून झाकण येतं, झाकणाला स्क्रू दाबतात, आणि झाकणाखालचा स्पंज स्ट्रिपच्या कनेक्टरला जागेवर दाबून ठेवतो. पिनेच्या दोन्ही बाजूंचे स्क्रू नसले की केबल लावताना बोर्ड आत सरकतो, काढताना बाहेर ओढला जातो. केसाएवढाच, पण दिवसातून दोन-तीनदा. त्या हालचालीने स्ट्रिपचा कनेक्टर हळूहळू एका कडेने वर येतो. डेटाची आणि माइकची टोकं त्या कडेला असली तर आधी तीच सुटतात. विजेला पट्टीत बऱ्याचदा अनेक टोकं मिळून दिलेली असतात, म्हणून चार्जिंग पूर्ण बंद पडत नाही, नुसतं मंद होतं. दुकानात बोर्ड बदलताना कनेक्टर काढून परत दाबून बसवला जात होता, त्यामुळे दोन-तीन आठवडे सगळं ठीक वाटत होतं. नव्या बोर्डाने काही बरं केलं नव्हतं. बरं केलं होतं त्या एका दाबाने.

तरी नुसत्या तर्कावर मी थांबत नाही, आणि तुम्हीही थांबू नका. मल्टिमीटर असेल तर घरच्या घरी करण्यासारखी एक युक्ती आहे. जुनी डेटा केबल मध्ये कापा आणि फोनकडच्या तुकड्याच्या चारही तारा सोलून वेगळ्या करा. लाल वीज, काळी ग्राउंड, हिरवी डी प्लस, पांढरी डी मायनस. स्वस्त केबलमध्ये रंगांचा भरवसा नसतो, म्हणून कोणती तार पिनेच्या कोणत्या टोकाला जाते ते आधी मीटरच्या बीपने पक्कं करा. बॅटरीचा कनेक्टर सोडलेला असतानाच हा तुकडा फोनमध्ये घाला. मीटर डायोडवर ठेवा, मीटरची लाल काडी काळ्या तारेला, काळी काडी आधी हिरवीला, मग पांढरीला. दोन्ही आकडे जवळजवळ सारखे यायला हवेत. ते नेमके किती असतील ते फोनगणिक बदलतं, पण दोघांतला मोठा फरक म्हणजे दोष. एका तारेवर मीटर ओएल दाखवत असेल तर ती मधे तुटली आहे, शून्याजवळ असेल तर कुठेतरी ग्राउंडला चिकटली आहे.

मावशीच्या फोनवर हिरवीला ०.४६ आला, पांढरीला ओएल. मी प्लास्टिकच्या काडीने स्ट्रिपच्या खालच्या कनेक्टरवर हलकेच दाब दिला आणि पांढरीवर ०.४६ उमटला. दाब काढला, परत ओएल. पाच वेळा करून बघितलं, पाचही वेळा तसंच. दोष सापडला म्हणायला मला एवढं पुरतं.

कनेक्टर उघडून भिंगाखाली बघितला. एका कडेच्या टोकांवर हिरवट थर धरू लागला होता. कोकणातली पावसाळी हवा, खिडकीशी ठेवलेला फोन आणि उचललेला कनेक्टर, मग तांबं गंजणारच. ९९ टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि मऊ ब्रश घेऊन दोन्ही बाजू साफ केल्या, दहा मिनिटं वाळू दिल्या. औषधाच्या दुकानातलं ७० टक्क्यांचं चालवू नका, त्यात पाणी बरंच असतं. पेट्रोल आणि थिनर तर नकोच, प्लास्टिक खातात. स्ट्रिप घडीच्या जागी चिरली आहे का तेही उजेडात वाकवून न बघता, सपाट धरून बघितलं. ती शाबूत होती. चिरलेली असती तर बदलली असती. तिला डाग देऊन जोडण्यात अर्थ नाही, ती परत त्याच जागी तुटते.

स्क्रूंसाठी तशाच मॉडेलचा मेलेला फोन शोधला. दुरुस्तीच्या दुकानात असे फोन डब्यात पडलेले असतात आणि विचारलं तर स्क्रू बहुधा फुकटही देतात. नाहीच मिळाला तर उरलेल्या स्क्रूंपैकी त्याच झाकणातला एक काढून न्या, जाडी आणि लांबी जुळवून घ्या. जरा आखूड चालेल, लांब मुळीच नाही. स्पंजाच्या जागी वीज न वाहणाऱ्या फोमच्या टेपचा तुकडा कापून लावला. जाडी जपून ठरवावी लागते. फार पातळ असेल तर दाब येत नाही, फार जाड असेल तर झाकण फुगतं, आणि स्वस्त फोनमध्ये आतला दाब डिस्प्लेपर्यंत जाऊन स्क्रीनवर पांढरट डाग उमटतो. मी आधी जाड लावला होता. झाकण बोटाने टेकत नव्हतं, म्हणून अर्ध्या जाडीचा घेतला. झाकण नुसत्या बोटाच्या दाबाने बसावं, स्क्रूने ओढून बसवावं लागू नये.

पाठ लावण्याआधी फोन उघडाच चालू करून सगळं तपासायचं. कॉल लावा, आवाज रेकॉर्ड करून ऐका, स्पीकर, व्हायब्रेशन आणि नेटवर्कच्या दांड्या बघा. बोर्डाच्या कडेने जाणारी काळी किंवा पांढरी बारीक गोल तार अँटेनाची असते. तिचं टिकलीएवढं टोक परत दाबायचं राहिलं की फोन दुरुस्त होतो आणि रेंज जाते, मग माणसं सिमकार्डाला दोष देत बसतात. मीटर लावला तेव्हा १.७२ अँपिअर दिसले. केबल बारा-पंधरा वेळा लावून काढली, आकडा हलला नाही. कॉम्प्युटरला फोन दिसला.

टाइप-सी पिनेच्या फोनला हीच वाट चालते, फक्त एक गोष्ट अधिक बघायची. केबल एका बाजूने लावली की भरतो आणि उलटी केली की भरत नाही, असं असेल तर सीसी नावाच्या दोन टोकांपैकी एक गेलं आहे किंवा त्यावर घाण आहे. तिथे आधी सफाई, मग पिन. दुकानदारांचा सीसी बोर्ड आणि हे सीसी टोक यांचा गोंधळ करू नका.

फोन अजिबातच चार्ज होत नसेल आणि बॅटरीचं तापमान उणे वगैरे दाखवत असेल तर चार्जिंग पिनेकडे बघूच नका. बॅटरीच्या कनेक्टरमध्ये प्लस-मायनसखेरीज तापमान सांगणारं एक टोक असतं. ते सुटलं की फोनला वाटतं बॅटरी गोठली आहे, आणि तो चार्जिंग नाकारतो. काही अँड्रॉइड फोनमध्ये डायलरवर *#*#४६३६#*#* दाबलं की बॅटरीची माहिती उघडते, तिथे हे दिसतं.

आणि स्ट्रिप, कनेक्टर, बोर्ड, स्क्रू, सगळं नीट करूनही आकडा ०.४५ वरच राहिला, तर दोष मदरबोर्डावर गेला. तिथे हॉट एअर आणि सूक्ष्मदर्शकाचं काम आहे, घरी हात घालू नका. चिप लेव्हलचं काम करणाऱ्याकडे जा, आणि जाताना नुसतं "चार्जिंग होत नाही" असं सांगू नका. मीटरचे दोन्ही आकडे, कॉम्प्युटरला फोन दिसतो की नाही, आणि काय काय बदलून झालं हे एका चिठ्ठीवर लिहून न्या. परत घेताना त्याच्या टेबलावरच आपला मीटर लावून बघा, आणि झाकणाचे सगळे स्क्रू बसले का ते पाठ लावण्याआधी दाखवायला सांगा. मावशीच्या फोनला आता चौथा महिना चालू आहे. परवा तिने मीटरचा फोटो पाठवला, १.६९.